घरची शाळा आणि गावचा मेळावा

मूल शिकते कुठे, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगतो, शाळेत. पण थोडा हिशेब करून पाहू या. पहिलीत नाव घालायला आणलेले लेकरू सहा वर्षांचे असते. तोवर ते चालायला शिकलेले असते, आपली भाषा घडाघडा बोलत असते. मामा कोण, मावशी कोण, कोणाला 'अहो' म्हणायचे आणि कोणाला 'अरे', हे त्याला पक्के ठाऊक असते. तूर कोणती नि मूग कोणता, हे ते डोळे झाकून हाताने चाचपून सांगेल. हे कोणत्या मास्तरांनी शिकवले? आईने शिकवले, आजीने शिकवले, थोरल्या बहिणीने कडेवर घेऊन फिरता फिरता शिकवले. म्हणजे घर ही शाळाच आहे. तिला फळा नाही, घंटा नाही, आणि तिथल्या मास्तरणीला आपण मास्तरीण आहोत याचा पत्ता नाही, इतकेच.

आजचे बोलणे या मास्तरणीसाठी आहे. लेकरू पहिलीत जायच्या वर्षी तिला गावच्या शाळेतून दोनदा बोलावणे येते. एकदा एप्रिलात आणि एकदा जूनमध्ये. या बोलावण्याला जावे, की एका दिवसाचा रोज बुडेल म्हणून टाळावे? परभणी-मनमाड रेल्वेमार्गावरच्या पेडगावात असो, नाहीतर जिंतूरकडच्या एखाद्या तांड्यावर असो, हा प्रश्न घरोघर निघतो. माझे म्हणणे, जावे. का जावे आणि गेल्यावर काय घेऊन यावे, तेवढे आज सांगायचे आहे.

घरी शिकवणे ही काही नवी टूम नाही. जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंना पहिली अक्षरे घरीच शिकवली, आणि त्याच सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या मुलीला, रमेला दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराणे सांगत असे. शाळेची पायरी न चढलेली ही मुलगी १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, तिथल्या विद्वानांपुढे बोलली, आणि पंडिता रमाबाई म्हणून देशाला ठाऊक झाली. विद्या घरची होती, आईची होती. पण तिची पारख झाली ती चार जाणती माणसे जमली तिथे.

फार लांब कशाला जायचे? आपल्या गंगाखेडची जनाबाई घ्या. परंपरा सांगते की लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली. दळणकांडण करता करता ती त्या घरच्या कीर्तनाच्या मेळ्यात शिकली. तिला शाळा नव्हती, पण मेळा होता.

या गोष्टींतून एक सूत्र निघते. घर शिकवू शकते, पण एकटे पडलेले घर थकते, बिचकते. चार घरे एकत्र आली की त्याच घराला बळ येते. आजच्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

आजही पुण्या-मुंबईकडे काही थोडी कुटुंबे अशी आहेत की ती मुलांना शाळेत घालतच नाहीत. आईवडीलच घरी शिकवतात. याला घरशिक्षण म्हणतात. परीक्षेची वेळ आली की ही मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसतात. ही संस्था १९८९ साली निघाली. काही मुले आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसतात. 'स्वशिक्षण' या नावाने अशा कुटुंबांची एक भारतीय संघटनाही आहे. अमेरिकेत तर १९७० नंतर ही चळवळ पुष्कळ वाढली. जॉन होल्ट नावाच्या शिक्षकाने १९७७ साली अशा पालकांसाठी एक पत्रिका काढली, आणि आता तिथे राज्याराज्यांत घरशिक्षणाचे मोठमोठे मेळावे भरतात. तिथे व्याख्याने होतात, पुस्तकांची दालने लागतात, आणि मुलाबाळांसह कुटुंबेच्या कुटुंबे येतात.

आता गैरसमज नको. मुलांना शाळेतून काढा, असे सांगायला मी इथे बसलेलो नाही. उलट सांगतो, काढू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे, आणि मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य त्याच कायद्याने ठरवले आहे. शिवाय आपल्या गावची गोष्ट निराळी आहे. शहरातल्या शिकलेल्या घरात शाळा सुटली तर मूल पुस्तकाकडे वळेल. आपल्याकडे शाळा सुटली की मुलगा गुरामागे जातो, आणि मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते. म्हणून शाळा हवीच.

पण ही घरशिक्षणवाली कुटुंबे मेळाव्यांना का जातात, हे समजून घेण्यासारखे आहे. ती काही तिथे गणिताचा धडा शिकायला जात नाहीत. धडे पुस्तकात असतात. ती जातात आपली धास्ती उतरवायला. आमचे लेकरू अजून वाचत नाही, तुमचे केव्हा वाचू लागले? आमच्या मुलाला सवंगडी नाहीत, तुम्ही काय केले? आजी-आजोबा नावे ठेवतात, त्यांना कसे समजावले? असे प्रश्न पुस्तकाला विचारता येत नाहीत. ते दुसऱ्या आईलाच विचारावे लागतात. मुलांनाही आपल्यासारखी मुले भेटतात. मुंबईच्या एका मुलीने सातवीनंतर शाळा सोडली आणि ती घरी संगणकाचे शास्त्र शिकली. तिने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदके मिळवली, आणि २०१६ साली तिला अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला. पण तिलाही स्पर्धेच्या तयारीसाठी चेन्नईच्या गणित संस्थेतल्या शिक्षकांची साथ लागलीच. एकटे घर सगळे पुरवू शकत नाही.

कोणी म्हणेल, हे शिकल्यासवरलेल्यांचे झाले. आमच्याकडे आईलाच अक्षर येत नाही, तिने मेळाव्याला जाऊन काय करायचे? याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच दिलेले आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू केली, पण गरिबांच्या वस्तीतली लेकरे काही तिथे येईनात. ताराबाईंनी लेकरांना दोष दिला नाही. लेकरे बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. शिकवायचे साहित्यही महागडे आणले नाही. शंख-शिंपले, बिया, पाने, दगडगोटे, जे हाताशी होते ते घेतले. अंगणात भरली ती अंगणवाडी. सरकारने १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द महाराष्ट्राबाहेरही गावोगाव पोहोचला. शिक्षण गरिबाच्या अंगणात, गरिबाच्या वस्तूंनी होऊ शकते, हे ताराबाईंनी करून दाखवले. आजचा मेळावा त्याच वाटेवरचा आहे.

आता मेळाव्याकडे येऊ. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या. त्या काळात अंगणवाडीच्या वयात असलेली लेकरे २०२२ च्या जूनमध्ये पहिलीच्या दारात उभी राहिली. त्यांतल्या कित्येकांनी अंगणवाडी नीट पाहिलीच नव्हती. खडू धरायची सवय नाही, दुसऱ्या मुलांत बसायची सवय नाही. तेव्हा राज्याने 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान हाती घेतले. एप्रिलात शाळेत पहिला मेळावा, मग उन्हाळाभर आईने घरी लेकराची तयारी करून घ्यायची, आणि जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा मेळावा, अशी त्याची मांडणी आहे. दोन मेळाव्यांच्या मधले आठ-दहा आठवडे हीच खरी शाळा. ती घरात भरते, आणि तिची मास्तरीण आई असते.

मेळाव्यात काय असते? गावातून फेरी निघते. शाळेच्या आवारात सात ठिकाणी टेबले, नाहीतर सतरंज्या मांडलेल्या असतात. पहिल्या ठिकाणी लेकराचे नाव नोंदवतात. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या हातापायांची तयारी पाहतात, तिसऱ्या ठिकाणी बुद्धीची. चौथ्या ठिकाणी ते माणसांत कसे मिसळते, आपल्या मनातले कसे सांगते, हे पाहतात. पाचवे ठिकाण भाषेचे आणि सहावे अंकाआधीच्या तयारीचे. सातव्या ठिकाणी आई बसते. तिथे तिला लेकराचे विकासपत्र समजावून सांगतात आणि घरी काय करून घ्यायचे ते दाखवतात. सातवे ठिकाण सगळ्यात महत्त्वाचे, आणि घाई होते ती नेमकी तिथेच. ऊन चढलेले असते, भाकरी करायची राहिलेली असते, आई उठू उठू करत असते. मायबहिणींनो, बाकीच्या सहा ठिकाणी थोडे कमी थांबलात तरी चालेल, पण सातव्या ठिकाणी बूड टेकून बसा. समजेपर्यंत विचारा.

यातली एकेक गोष्ट घरच्या कामाशी जोडून पाहू, म्हणजे भीती जाईल.

दुसऱ्या ठिकाणी लेकराला कागद फाडायला, मणी ओवायला, दोरीवरून उडी मारायला सांगतात. आईला वाटते, हा तर खेळ झाला, अभ्यास कुठे आहे? पण पेन्सिल धरायला बोटांत बळ लागते, आणि ते बळ एकदम येत नाही. शेंगा सोलताना, लसणाची साल काढताना, कापसातली सरकी काढून वात वळताना, सदऱ्याची बटणे लावताना बोटे तयार होतात. ज्या लेकराची बोटे तयार नाहीत, त्याच्या हाती पेन्सिल देऊन 'ग' गिरव म्हटले तर ते रडते, आणि आपण म्हणतो पोरगे मठ्ठ आहे. पोरगे मठ्ठ नसते. त्याने शेंगा सोललेल्या नसतात.

तिसऱ्या ठिकाणी बिया वेगळ्या करायला, जोड्या लावायला, लहानापासून मोठ्यापर्यंत वस्तू मांडायला सांगतात. तुमच्या घरात सूप आहे ना? त्यात मूठभर तूर, मूठभर मूग, मूठभर हरभरे एकत्र टाका आणि लेकराला निवडायला बसवा. भाकऱ्या लहान-मोठ्या मांडायला सांगा. सारख्या गोष्टी एकत्र ठेवायच्या आणि निराळ्या बाजूला काढायच्या, या कामातूनच पुढे गणित निघते.

सहाव्या ठिकाणी मोजणे येते. इथे शिक्षकांनीही कान द्यावा. पुष्कळ लेकरे एक ते वीस तोंडपाठ म्हणतात आणि घरातले खूश होतात. पण त्याच लेकराला म्हणा, बाळा, मला पाच चिंचोके दे. ते ओंजळभर उचलून देते. म्हणजे त्याला अंकांचे गाणे येते, मोजणे येत नाही. एका चिंचोक्याला एकच अंक, आणि शेवटचा अंक म्हणजे सगळ्यांची संख्या, ही समज यायला हवी. ती कशी येते? पंगत बसली की म्हणावे, पाच माणसे आहेत, पाच ताटल्या मांड. एक ताटली कमी पडली की लेकराला आपोआप कळते. याला ना पुस्तक लागते ना पैसा.

पाचव्या ठिकाणी चित्र दाखवून बोलायला सांगतात, गोष्ट सांगायला सांगतात. आमच्याकडचे लेकरू 'मी जाऊलालो' म्हणते. पुस्तकात 'मी जात आहे' असते. लगेच त्याला टोकू नका. ज्याला टोकले ते गप्प बसते, आणि गप्प बसलेले लेकरू भाषा शिकत नाही. तांड्यावरची आई गोरमाटीत बोलत असेल तर तिने गोष्ट गोरमाटीतच सांगावी. घरात दखनी बोलत असतील तर दखनीत सांगावी. आधी काय झाले, मग काय झाले, का झाले, हे घरच्या भाषेत सांगता आले की शाळेची भाषा त्यावर सहज चढते. आजीला शंभर गोष्टी येत असतात. तिलाही मेळाव्याला आणा. ती घरातली सगळ्यात जुनी मास्तरीण आहे.

आता आपल्या मनातल्या शंका घेऊ. पहिली शंका नेहमीची. "मला त लिहिता-वाचता येत न्हाई, म्या काय शिकवू लेकराला?" बाई, आत्ता जे सांगितले त्यात अक्षर कुठे आले? शेंगा आल्या, सूप आले, ताटल्या आल्या, गोष्ट आली. अक्षर शिकवणे शाळेचे काम आहे. अक्षरासाठी लेकराला तयार करणे तुमचे काम आहे, आणि ते तुम्हाला येते.

दुसरी शंका रोजाची. ही खरी शंका आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. एप्रिलात ज्वारी-हरभऱ्याची सुगी आटोपलेली असली तरी कुठे हळदीचे काम असते, कुठे उन्हाळी भुईमूग असतो, आणि लगीनसराई तर असतेच. जूनचा मेळावा त्याहून अवघड. मृग लागलेला, पाऊस पडला तर पेरणीची घाई, आणि नेमकी तेव्हाच शाळा उघडते. म्हणून माझे सांगणे दोघांनाही आहे. आईने तो अर्धा दिवस लेकराच्या नावाने खर्ची टाकावा. लेकरू पहिलीत बुजून मागे पडले तर ती तूट पुढे वर्षानुवर्षे भरावी लागते. आणि शिक्षकांनी मेळाव्याची वेळ बायकांना विचारून ठरवावी. सकाळी ऊन चढायच्या आत दोन तासांत आटोपेल असे पाहावे. बाजारचा दिवस टाळावा. पेरणीची घाई असेल तर जूनचा मेळावा दिवेलागणीला घेता येईल का, याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची. ही कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. एप्रिलपर्यंत पुष्कळजण परत आलेले असतात, म्हणून पहिला मेळावा त्यांना गाठता येतो. त्यांनी तो चुकवू नये, आणि मास्तरांनी त्यांच्या दारी आवर्जून बोलावणे पाठवावे. आईबाप परतले नसतील तर लेकरू ज्या आजी-आजोबांजवळ आहे त्यांना बोलवावे. फडावर राहिलेल्या लेकराची अंगणवाडी बुडालेली असते. उन्हाळ्याचे हे आठ-दहा आठवडे त्याला मिळाले नाहीत, तर पहिल्याच पायरीला ते ठेचकाळते.

आता मेळाव्याहून घरी काय येते ते पाहू.

एक, भीती जाते. शेजारणीचे लेकरूही आपल्यासारखेच आईच्या पदरामागे लपते, हे दिसले की आपले लेकरू जगावेगळे नाही हे कळते.

दोन, खरी अडचण असेल तर ती लवकर कळते. दहा लेकरे एकत्र खेळताना एखादे हाकेला वळत नाही, एखादे चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहते. घरात एकटे असताना हे लक्षात येत नाही. अशा वेळी कोणाला दोष न देता अंगणवाडीताईंना सांगावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन लेकरे तपासायची, अशी सोय आहे. कानाचे किंवा डोळ्याचे दुखणे पहिलीच्या आधी उमगले तर त्या लेकराचे पुढचे सगळे शिक्षण वाचते.

तीन, लेकराला सवंगडी मिळतात. जूनमध्ये शाळेचे दार त्याला परके वाटत नाही. मास्तर म्हणजे ज्यांनी आपल्याला दोरीवरून उडी मारायला सांगितली तेच, असे ते ओळखते.

चार, आणि हे मला फार मोलाचे वाटते, आयांची आपसात गाठ पडते. मेळाव्यात वस्तीवस्तीचे माता पालक गट होतात. बचत गट कसा चालतो हे आपल्या बायकांना शिकवायला नको. ठरल्या दिवशी जमायचे, ज्याने त्याने आपला वाटा आणायचा, कोणी मागे पडली तर तिला सांभाळून घ्यायचे. मातांचा गट तसाच चालवावा. पाच-सहा घरे धरावीत. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर जमावे. एकीकडे फोन असेल तर शाळेतून आलेली सूचना तिने सगळ्यांना दाखवावी. फोन नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीने वाचून दाखवावी. वाटा एवढाच, की मागच्या आठवड्यात लेकराने नवे काय केले ते प्रत्येकीने सांगायचे. मेळावा एका दिवसात संपतो, पण गट उन्हाळाभर टिकतो. ज्या गावात गट टिकला तिथे मेळावा फळला असे समजावे.

शिक्षक मित्रहो, आता थोडे आपल्याशी. हा मेळावा आपल्या कामाच्या यादीतली आणखी एक भर होऊन बसला, तर तो वाया गेला. पाहुण्यांचे सत्कार, हारतुरे आणि छायाचित्रे यांत पहिला तास जातो, आणि आई सातव्या ठिकाणी पोहोचते तेव्हा सगळ्यांना जेवणाची घाई झालेली असते. भाषणे कमी करा. विकासपत्र हे गुणपत्रक नाही हे ध्यानात ठेवा. चारचौघींत मोठ्याने वाचून 'तुमच्या मुलीला हे येत नाही' असे म्हणाल, तर ती आई जूनमध्ये पुन्हा फिरकणार नाही. आधी लेकराला काय येते ते सांगा, मग काय करून घ्यायचे ते सांगा, आणि तिच्याच घरातल्या वस्तूंनी करून दाखवा. सांगितलेले ती विसरेल, हाताने केलेले विसरणार नाही. मधल्या आठवड्यांत एखाद्या संध्याकाळी गटाच्या ओसरीवर पाच मिनिटे टेकून या. मास्तर आपल्या अंगणात आले, एवढ्यानेही त्या घराला हुरूप येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. म्हणजे अंगणवाडीताई आणि पहिली-दुसरीचे मास्तर आता एकाच पायाचे गवंडी आहेत. तेव्हा मेळाव्याची तयारी दोघांनी मिळून करावी.

आणि बाप्यांनो, तुम्ही पारावर बसून ऐकत असाल तर तुम्हालाही चार शब्द. बोलावणे मातांना असते म्हणून तुम्ही सुटलात असे समजू नका. मेळाव्याच्या दिवशी एकतर लेकराचा हात धरून तुम्ही या, नाहीतर घरची गुरे आणि धाकटे पोर सांभाळून बायकोला मोकळी करा. आणि उन्हाळ्यात लेकराला शेतावर नेताना रिकाम्या तोंडी नेऊ नका. बांधावरची झाडे मोजायला लावा, बैलाच्या गळ्यातले घुंगरू मोजायला लावा, विहीर लांब की आंबा लांब ते विचारा. बापाबरोबर शिकलेले लेकरू विसरत नाही.

हे सगळे आई आणि गट करतील, म्हणून अंगणवाडी नको किंवा मास्तर कमी चालतील, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. मेळावा शाळेची जागा घेत नाही. तो घराला शाळेच्या दारापर्यंत आणून सोडतो. दाराच्या आत शाळेने आपले काम चोख केलेच पाहिजे, आणि ते होते की नाही हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे. मेळाव्याला आलेली आई हा प्रश्न न बिचकता विचारू शकते, कारण शाळा आता तिला परकी राहिलेली नसते. हाही मेळाव्याचा एक लाभच समजावा.

तेव्हा मायबहिणींनो, येत्या एप्रिलात शाळेचे बोलावणे आले तर जा. लेकराला न्हाऊमाखू घालून न्या, शेजारणीलाही संगे घ्या. सातव्या ठिकाणी बसा, विचारा, करून पाहा. आणि एप्रिलची वाट तरी कशाला पाहायची? आज रात्री भाकरीला बसताना लेकराला म्हणा, बाळा, घरात माणसे किती, तेवढ्या ताटल्या मांड बरे. एखादी कमी पडली तर रागावू नका. त्याला पुन्हा मोजू द्या.